काठावरचे आकडे

निगेटिव्ह कोरं निघालं तर आधी रडायचं नाही,
आधी काठ बघायचा.
"काठ पळय रे," म्हणायचे शाणू मास्तर
आणि ओला रोल माझ्या हातात द्यायचे
मेलेला साप द्यावा तसा, शेपटीकडून.

काठावर आकडे नसतील, तर चूक आपली.
डेव्हलपर मेला होता,
नाहीतर झोपेत आधी हायपो ओतलास.
आकडे आहेत आणि मधे काहीच नाही,
तर अंधारखोलीवर आळ घालू नकोस.
औषधाने आपलं काम केलंय.
उजेडच आत आला नव्हता.

कुडचड्याच्या त्या खोलीतले बाकीचे आजार
मी वासावरून ओळखायला लागलो होतो.
मे महिन्यात नळाचं पाणी एकतीस डिग्री,
म्हणून मासळीबाजारातला बर्फ आणायचा
पिशवीत बांधून. पिशवी फुटली
की दिवसभर डेव्हलपरला बांगड्याचा वास.
गरमातून एकदम गारात गेला रोल
तर जिलेटिनला भेगा, आटलेल्या तळीसारख्या.
टाकी ओट्यावर आपटायला विसरलो
तर बुडबुडे चिकटून राहायचे
आणि नवऱ्यामुलाच्या गालावर काळ्या देवी.
खाणीच्या ट्रकांची धूळ फटीतून यायची, लाल.
फिल्मवर बसली की प्रिंटवर पांढरी.
मास्तर एकेक ठिपका बुजवत बसायचे,
ब्रशचं टोक ओठांत ओलं करत,
संध्याकाळी त्यांची जीभ काळी.

आल्झिराच्या लग्नाचा रोल मी काढला होता.
माझं पहिलं लग्न, कॅमेऱ्यामागचं.
छत्तीस वेळा खटका दाबला.
काठावर एक ते छत्तीस, काळेभोर, स्वच्छ,
छापखान्यातून आल्यासारखे.
मधली फिल्म नुसती काच.
रोलची जीभ दात्यांत अडकलीच नव्हती.
तो जागच्या जागी बसून राहिला
आणि मी घामाघूम होऊन इगर्जीभर
रिकामं चाक फिरवत होतो.

मास्तरांनी तो क्लिपला टांगला.
"धुतलाय, तर वाळू दे."
एवढंच.

सांतान तोवर तारवावर चढला होता, मुंबईहून, नऊ महिन्यांसाठी.
अकराव्या दिवशी ती आईला घेऊन आली.
पांढरा झगा भाड्याचा, परत गेलेला.
अंगात साडो, तांबडाभडक.
पडद्यापुढे उभी राहिली ती एका अंगाला.
म्हटलं, मधे ये.
म्हणाली, "ही जागा त्याची."

फोकस लावला आणि माझ्या पोटात गोळा आला.
तांबडं ह्या फिल्मवर काळंच उतरणार.
काळ्या कपड्यातली बाई, शेजारी मोकळी जागा.
मास्तरांना सांगावं लागलं नाही.
ड्रॉवरमधली लाल काच काढली,
सदऱ्याला पुसली, लेन्सवर चढवली.
"उजेड तीन घरं वाढव. हालूं नाका गो बाय."

साडो दुधासारखा निघाला.
ओठ मात्र फिके, तापातून उठल्यासारखे.
लाल काच तांबड्यात भेद करत नाही,
त्याला इलाज नव्हता. मास्तरांनी
तोच ब्रश घेऊन प्रिंटवर ओठ थोडे भरले.
पैसे घेतले नाहीत. माझ्या पगारातूनही कापले नाहीत,
ते मला जास्त लागलं.

त्या खोलीत आता झेरॉक्स चालतं.
फोटो कुठे असेल ठाऊक नाही,
कोणीतरी म्हणत असेल, उजवीकडे एवढी जागा
उगाच वाया घालवली.
माझ्याकडे तो कोरा रोल आहे, बिस्किटांच्या डब्यात.
कधीतरी खिडकीला धरतो.
एकोणिसावर पाद्रींना शिंक आली होती.
तेविसावर सांतानने
अंगठी चुकीच्या बोटात घातली.
चोविसावर ती हसली.